तासाभराचा प्रवास

१

प्रवासी उतरले की विमान काकीचं असे. पंचवीस मिनिटांपुरतंच, पण तिचं. चार माणसांची टोळी घेऊन मागच्या शिडीने वर चढायचं, सीटांच्या पाठीचे खिसे रिकामे करायचे, पट्टे जुळवून ठेवायचे, झाडायचं, पुसायचं आणि नवे प्रवासी पुढच्या शिडीने चढायच्या आत मागून उतरून जायचं. ती कुणाचीच सख्खी काकी नव्हती, पण सामान उतरवणाऱ्यापासून वैमानिकापर्यंत सगळे तिला काकीच म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

खाली शिडीशी मुकादम उभा असायचा. दर दोन मिनिटांनी तो वेळ ओरडायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं घड्याळसाहेब. "काकी, आटपा! माणसं वाट बघतायत!" त्याच्या ओरडण्याने एक मिनिटही कधी वाचलं नव्हतं, पण ओरडल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

इतकी वर्षं दुसऱ्यांचा पसारा उपसून काकीला विमान बघताक्षणी कळे. रात्रभर उडून आलेलं विमान म्हणजे पाहुण्यांनी उच्छाद मांडून सोडलेलं घर. त्यामानाने दुपारचं विमान म्हणजे आराम. ते यायचं घाटापलीकडच्या दुसऱ्या शहरातून; तिथून इथवर हवेतून साडेसहाशे किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. रस्त्याने घाट चढत-उतरत यायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि कंबरही. विमानात मात्र माणूस नीट टेकतो न टेकतो तोच उतरायची वेळ होते. कचरा काय, तर चहाचे कागदी पेले आणि एखादं चुरगळलेलं वर्तमानपत्र. मागच्या संडासावर महिनाभर 'बंद आहे' अशी पाटी चिकटवलेली होती, तेवढंच काम आणखी कमी.

त्या दुपारी शेवटून तिसऱ्या रांगेतल्या खिशात तिला कागदी रुमालाची पुरचुंडी सापडली. तिने ती सवयीने चाचपली आणि मग उघडली. आत नखं होती. कापलेली, हातापायांची, मूठभर.

"शी!" काकी म्हणाली. "लोकांना लाजच उरली नाही. घरची कामं विमानात करतात."

पिशवीत टाकता टाकता तिचा हात थांबला. एका माणसाला नखं असतात वीस. ही पुरचुंडी भरायला त्याला किती वेळा कापावी लागली असतील?

"काकी, आटपा!" खालून घड्याळसाहेब ओरडला. काकीने पुरचुंडी टाकली आणि पुढच्या रांगेकडे वळली. या धंद्यात एक नियम होता, कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांनी पाळलेला: मौल्यवान वस्तू सापडली तर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर जमा करायची, बाकी विमानात दिसेल ते विमानातच विसरायचं.

२

विसरायचं म्हटलं की नेमकं तेच डोळ्यांपुढे नाचतं. त्यानंतर काकी दुपारच्या विमानात शिरताना नाक पुढे करून शिरायला लागली. पहिल्यांदा तिला वासच जाणवला. तासाभरात माणसांचा असा वास साठत नाही. दारं-खिडक्या लावून पुष्कळ माणसं पुष्कळ काळ एकाच खोलीत राहिली की जसा कोंदट, झोपेचा वास येतो, तसा तो होता.

मग सीटा. आदल्या महिन्यात नव्या बसवलेल्या निळ्या सीटा मधोमध खोल बसल्या होत्या. हातांच्या टेकण्यांवरचा रंग उडून खालचा पत्रा चकाकत होता. एका सीटच्या पाठीवरचे धागे कुणीतरी एकेक करून उसवून नेले होते. मधल्या रांगेखाली केसांचा गुंतवळ सापडला, काळा आणि पांढरा, चांगला उशीभर.

"लंबू, इकडे ये," काकीने हाक मारली. लंबू म्हणजे टोळीतला झाडू-यंत्रवाला. छताला डोकं आपटून आपटून त्याचं टाळकं सुन्न झालंय असं तो स्वतःच सांगे. घरी दोन मुलींचा बाप, त्यामुळे काळजीत पडणं त्याला परवडत नसे.

लंबूने गुंतवळ पाहिला. "एखादी म्हातारी केस विंचरत बसली असेल."

"एवढे?"

"मग दोन म्हाताऱ्या."

"अरे, गंमत नको करू. पाण्याच्या गाडीवाला काय म्हणाला माहितीये? रोज दुपारी टाकी ठणठणीत कोरडी असते. तासाभरात एवढं पाणी प्यायला ही माणसं आहेत की उंट?"

लंबूने यंत्र बंद केलं. मग हळूच म्हणाला, "काकी, मला पण एकदा सापडलं होतं काहीतरी. लहान मुलाचे दात. दुधाचे. सगळेच्या सगळे." त्याने खांदे उडवले. "मी नियम पाळला. तूही पाळ."

पण काकीची जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी ती विमान येण्याआधीच मागच्या शिडीखाली जाऊन उभी राहिली आणि उतरणाऱ्या एकेका माणसाचा चेहरा निरखू लागली. कडक इस्त्रीचे शर्ट, ताजी दाढी केलेले गाल, ओठांवरचा लाल रंग जागच्या जागी. कुणी थकलेलं नाही, कुणी चुरगळलेलं नाही. तिने एका पोक्त माणसाला धीर करून विचारलं, "प्रवास कसा झाला, साहेब?"

"छान," तो हसला. "कधी बसलो, कधी उतरलो, कळलंच नाही."

त्याच्या मागच्या बाईला विचारलं. तीही हसून म्हणाली, "अहो, कधी बसले, कधी उतरले, कळलंच नाही." तिसऱ्याने तर न विचारताच तेच सांगितलं.

काकीने मनाला दटावलं. सगळेच असं बोलतात, बोलायची रीतच आहे ती. माणूस सुखाने पोचला की आणखी काय म्हणणार?

३

हे सगळं विसरणं जमलंही असतं. अडचण एवढीच होती की त्याच विमानाचं एक तिकीट काकीने स्वतः काढून ठेवलं होतं.

ठमी, काकीची एकुलती एक लेक, त्या दुसऱ्या शहरात नांदत होती. सातवा महिना. जावई कामासाठी महिनाभर बाहेर जाणार, म्हणून ठमीने आईकडे यायचं ठरलं होतं. जावई म्हणत होता, गाडीने सावकाश थांबत थांबत सोडतो. काकीनेच त्याला गप्प केलं होतं. "घाटातले खड्डे पोटुशा बाईला? वेड लागलंय का? विमानाने पाठवा. नोकरीवर असल्याचा तेवढा तरी फायदा." नोकरांच्या नातेवाइकांना सवलतीत जागा मिळायची ती फक्त दुपारच्या विमानात, अगदी शेवटच्या रांगेत. डॉक्टरीणबाईंनीही हरकत नाही म्हणून सांगितलं. सगळं काकीच्या मनासारखं झालं होतं. आता तेच तिच्या गळ्यात अडकलं होतं.

ठमी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काकीने फोन लावला.

"ठमे, ऐक ना. मला वाटतं, गाडीनेच ये."

"अगं आई, डोकं फिरलंय का तुझं? विमान विमान म्हणून तूच घर डोक्यावर घेतलं होतंस. त्यांची गाडीसुद्धा दुरुस्तीला गेली."

"मग नंतर ये. बारसं झालं की ये."

"आई, काय झालंय? खरं सांग."

काय सांगणार? मूठभर नखं सापडली म्हणून? पाण्याची टाकी कोरडी होती म्हणून? काकीने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच हसू आलं. शिकलेल्या माणसांनी बांधलेलं यंत्र, रोज शंभर-दीडशे माणसं सुखरूप आणतं, आणि एक झाडणारी बाई त्याच्यावर संशय घेते! "काही नाही गं," ती म्हणाली. "मेलं मन चिंती ते वैरी न चिंती."

"तासाभराचा तर प्रवास," ठमी हसत म्हणाली. "आणि ऐक, मी टोपडं विणायला घेतलंय. तू पाठवलेल्या मोहरी रंगाच्या लोकरीचं. बोटभरच झालंय. उद्या विमानात दोन ओळी तरी होतात का बघते. आणि हा तुझा नातू की नात, आत्ता बघ, तुझा आवाज ऐकून लाथा मारतंय!"

फोन ठेवल्यावर काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. ठमी लहान असताना दर वाढदिवसाला पाठ टेकून उभी राहायची आणि डोक्यावर पट्टी ठेवून स्वतःच रेघ ओढायची. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक शेपटी काढायची, उंदराची असते तशी वळलेली. "उगाच," विचारलं की म्हणायची. दोनदा घराला रंग दिला, पण काकीने त्या चौकटीला ब्रश लावू दिला नव्हता.

४

विमान वेळेवर टेकलं. शिडी लागली, दार उघडलं, माणसं उतरू लागली. काकी खाली उभी राहून मान उंच करकरून बघत होती. तिचं काळीज असं धडधडत होतं की लंबूने तिला विचारलं, "काकी, विमानाचा आवाज की तुझा?"

सगळ्यांत शेवटी ठमी दिसली. एक हात कठड्यावर, एक हात पोटावर. पोट होतं. तसंच, टच्च, तिने फोटोत पाठवलेलं. गाल भरलेले, केसांची सकाळी घातलेली वेणी जशीच्या तशी. काकीने शिडीवरच तिला मिठी मारली आणि भडाभडा रडायलाच लागली.

"अगं, अगं! लोक बघतायत, आई! असं काय करतेस?"

"काही नाही. प्रवास कसा झाला, बाळा?"

"मस्त," ठमी म्हणाली. "कधी बसले, कधी उतरले, कळलंच नाही."

काकीने तिचे खांदे धरून तिला दूर केलं आणि नीट पाहिलं. ठमीच होती. डाव्या भुवईवरची पडल्याची खूण, हसताना नाकाला पडणारी आठी, सगळं ठमीचं. काकीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मेल्या संशयाने आठवडाभर जीव खाल्ला होता.

"फक्त एक गंमत झाली," ठमी पिशवी चाचपत म्हणाली. "लोकर कुठे गेली कळत नाही. सुया पण नाहीत. सीटखाली पडलं असेल, बघशील?"

"बघते. तू त्या बसमध्ये चढ आणि आत हॉलमध्ये जाऊन बस. काही खा. मी विमान आवरून आलेच."

"काकी, आटपा!" घड्याळसाहेब ओरडला. आज पहिल्यांदाच काकीला त्याचं ओरडणं गोड वाटलं.

५

आत वास होता. नेहमीपेक्षा दाट. टोळीतल्या दोघी पुढून कामाला लागल्या, लंबूचं यंत्र मधल्या वाटेत घुमू लागलं. काकी सरळ शेवटच्या रांगेकडे गेली, जिथे ठमी बसली होती.

सीटवर कापडच उरलं नव्हतं. निळे धागे शेवटपर्यंत उसवलेले होते आणि आतला फोम पिवळा पडून भुगा झाला होता. काकी गुडघ्यांवर बसली आणि सीटखाली हात घातला. लोकर हाताला लागली.

तिने ओढून काढलं ते टोपडं नव्हतं. तो स्वेटर होता. मोहरी रंगाची लोकर थोडी, बाकी सगळा सीटच्या निळ्या धाग्यांनी विणलेला. आठ-दहा वर्षांच्या मुलाला होईल एवढा. तो कुणीतरी वापरला होता. कोपरांवर विरला होता, तिथे ठिगळं लावली होती, ठिगळंही विरली होती. गळ्याशी मळाचा पट्टा होता. विणीत अध्येमध्ये गाठी होत्या. तीच लोकर, उसवून उसवून, मूल वाढेल तसं पुन्हा मोठं विणलेलं. ओळीच्या शेवटी टाके घट्ट ओढायची सवय ठमीची. ती सवय काकीनेच मोडायचा प्रयत्न केला होता.

काकी स्वेटर छातीशी धरून उठायला गेली, तेव्हा खिडकीशेजारची भिंत तिच्या डोळ्यांसमोर आली.

भिंतीवर रेघा होत्या. पहिली तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक वळलेली शेपटी. काकी बघत बघत उभी राहिली. सगळ्यांत वरची रेघ छताच्या वळणाशी, तिच्या डोक्याच्याही वर होती. त्यानंतर रेघा नव्हत्या. मोठी माणसं वाढत नाहीत.

"नाही," काकी मोठ्याने म्हणाली. "नाही नाही नाही." ठमी खाली उतरली, मी तिला मिठी मारली, पोट होतं, तिच्या पोटात बाळ होतं. मग इथे कोण वाढलं?

ती मागे सरकली, रांगेमागच्या पडद्याआड गेली, आणि तिने आधाराला हात टेकला तो मागच्या संडासाच्या दारावर. 'बंद आहे' ही पाटी जागेवर होती. तिच्याखालची लहानशी खूण, रिकामं असलं की हिरवी असणारी, आज लाल होती. कडी आतून लागली होती.

६

कमरेचा फोन थरथरला आणि काकी दचकली. ठमी होती.

"आई." आवाज चिरका. "आई, तू ये ना लवकर. बाळ हलत नाहीये."

"काय?"

"विमान टेकल्यापासून हललं नाहीये. मला वाटलं झोपलं असेल. मी गोड खाल्लं, पाणी प्यायले, कुशीवर झाले. काहीच नाही गं. पोट नुसतं दगडासारखं लागतंय. आई, मला भीती वाटतेय."

"येते. आलेच. फोन ठेवू नको." काकी वळली, आणि दारावर आतून टकटक झाली. जोरात नाही. झोपलेल्याला उठवू नये अशा बेताने केलेली.

"आजी?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. घोगरा, थकलेला, फार दिवसांत न वापरलेला.

"आजी, आई म्हणाली होती तू येशील."

पळ, मन सांगत होतं, ठमी बाहेर एकटी आहे, पळ. पण हात आपोआप त्या लाल खुणेवर गेला. आत कुणी अडकलं तर वरचा पत्रा उचलून आतली कळ सरकवायची असते, हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिने पत्रा उचलला. कळ सरकवली. दार चार बोटं उघडलं.

आत अंधार होता. त्या फटीतून एक हात बाहेर आला. निळ्या धाग्यांची, मोहरी काठाची बाही मनगटाला आखूड पडत होती. मनगटावर पांढरे केस, वर फुगलेल्या शिरा, म्हातारपणाचे तपकिरी ठिपके. हात हवेत चाचपडला आणि काकीचं बोट त्याला सापडलं. त्याने ते पकडलं. सगळ्या मुठीने, घट्ट. जन्मल्या जन्मल्या पोर पकडतं तसं. ठमीने पकडलं होतं तसं.

"आई!" फोनमधून ठमी ओरडली. "हललं! आई, आत्ता हललं! केवढ्या जोरात!" ती रडत होती, हसत होती.

काकीने किंचाळून हात हिसकावून घेतला.

"आई, थांबलं," ठमी म्हणाली. "परत थांबलं गं."

हात फटीतच होता, तळवा वर करून. तो रागावला नव्हता. तो नुसता वाट बघत होता.

"काकी कुठे गेली?" पुढून घड्याळसाहेबाचा आवाज आला. "माणसं चढायला लागली! खाली व्हा सगळे!"

"लेकीकडे पळाली असेल हो," लंबू म्हणाला. "आज कुठे लक्ष आहे तिचं?" त्याचं यंत्र बंद झालं, पावलं पडद्याबाहेरून मागच्या शिडीवरून खाली गेली. पुढच्या दारातून पिशव्यांची चाकं, हसणं, खिडकीच्या जागेवरून लाडिक भांडणं आत येऊ लागली.

काकीने आपलं बोट पुन्हा त्या तळव्यात ठेवलं. मूठ मिटली.

"हललं! आई, ऐकतेयस ना? हलतंय!"

"ऐकतेय," काकी म्हणाली. आपला आवाज इतका नेहमीसारखा कसा निघाला, याचा तिलाच धक्का बसला. "आता नाही थांबायचं ते. तू रिक्षा करून घरी जा. किल्ली शेजारी ठेवलीय. मला जरा काम निघालंय."

"कधी येशील?"

"आलेच," काकी म्हणाली आणि फोन बंद केला.

तिने खांद्याने दार ढकललं आणि अंग चोरून आत शिरली. दार मागे लागलं, कडी सरकली. पाटी लावलेल्या संडासात कुणी डोकावत नाही, महिनाभर कुणी डोकावलं नव्हतं. अंधारात तिच्या गालाजवळ कुणाचा तरी श्वास लागत होता. तिने डोळे गच्च मिटले. बोट सोडलं नाही.

जमीन थरथरू लागली. छतातून वैमानिकाचा प्रसन्न आवाज आला: सर्वांचं स्वागत, हवा स्वच्छ आहे, अंतर साडेसहाशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं.

"आजी," तो म्हातारा आवाज अगदी कानाशी म्हणाला, "आता किती राहिलं?"

काकीने दुसऱ्या हाताने अंधारातलं ते डोकं चाचपून शोधलं. केस विरळ होते. तिने ते आपल्या खांद्यावर टेकवलं आणि हळूहळू थोपटायला लागली.

"आलंच, बाळा," ती म्हणाली. "तासाभराचा तर प्रवास."